मोत्याला सोबत हवी

'त्याला सोबत हवी' हे वाक्य मराठी माणसाच्या कानावर आयुष्यात तीनदा तरी पडतं. पहिल्यांदा त्याचं लग्न जमवताना, दुसऱ्यांदा त्याला एक मूल झाल्यावर आणि तिसऱ्यांदा, तशी बुद्धी झालीच तर, त्यानं कुत्रा पाळल्यावर. तिन्ही वेळा सोबत नक्की कुणाला हवी असते ते बघण्यासारखं असतं. लग्नाच्या वेळी आईला सून हवी असते, मुलाच्या वेळी आजीला नातू हवा असतो, आणि कुत्र्याच्या वेळी... जाऊ दे. आमच्या घरातलं मतदान गुप्त नव्हतं, पण नावं घेऊन मी जेवणाचे वांधे करून घेणार नाही.

आम्ही अल सुलैला राहतो. रियाधमध्ये पत्ता सांगायला पेठ, गल्ली, मारुतीचं देऊळ असलं काही लागत नाही. रिंग रोडच्या एक्झिटचा नंबर सांगितला की काम झालं. 'एक्झिट अठरा' म्हटलं की समोरचा 'हां, सुलै' म्हणतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे ट्रेलर उभे राहतात. शहराच्या या अंगाला गोदामं, गॅरेजं, टायरवाले, पत्र्याच्या शेडी आणि मधूनमधून, चुकून राहून गेल्यासारख्या, माणसांच्या इमारती. नकाशात इथे वादी अल सुलै नावाची नदीही आहे. नदी म्हणजे पाऊस आला तर नदी, एरवी दगडगोट्यांची लांबच लांब घळ. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या स्पोर्ट्स बुलेव्हार्डचं पूर्वेचं टोक या वादीला येऊन भिडायचं आहे. पश्चिमेच्या वादी हनीफापासून इथवर १३५ किलोमीटर झाडं, पायवाटा आणि सायकली. मला त्यातला एकच किलोमीटर पुरेल. फक्त तो आमच्या जिन्यापासून सुरू व्हावा, कारण आमचा हारिस, म्हणजे इमारतीचा रखवालदार, कुत्र्याला लिफ्टमध्ये घेऊ देत नाही आणि आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत.

मोत्या मूळचा गोदामाचा. माझं काम मालाचा हिशेब ठेवण्याचं: आला किती, गेला किती, शिल्लक किती. गोदामामागे कुत्र्यांचं एक टोळकं असायचं, त्यातला हा एक. बदामी रंग, लांब तंगड्या, एक कान उभा आणि दुसरा विचारात पडलेला. बांगलादेशी पोरं त्याला भुलू म्हणायची, नेपाळी काले, केरळचा फोर्कलिफ्टवाला कैसर, पेशावरचा ट्रेलरवाला शेरू. तो सगळ्या नावांना ओ द्यायचा, कारण प्रत्येक नावामागे वेगळं जेवण होतं. मग त्याच्या मागच्या पायाला लागलं. प्राणीप्रेमी मंडळींपैकी दोन मुली येऊन त्याला घेऊन गेल्या, पाय नीट केला, लशी टोचल्या, नसबंदी केली आणि मला म्हणाल्या, 'फक्त आठवडाभर ठेवाल का?' आपल्याकडे रस्त्यावर 'तात्पुरतं वळण' अशी पाटी लागते आणि पुढे ते वळणच रस्ता होतं, त्यातलाच हा आठवडा. माझ्या भाषेत सांगायचं तर मोत्या आमच्याकडे शिल्लक राहिला.

त्याला घरात घेतल्यावर एक गोष्ट लक्षात आली. घरात तोच एकटा स्थानिक. आम्हा तिघांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, दरवर्षी नवे करायचे, बोटांचे ठसे द्यायचे; हा जन्मानं इथला. शिवाय २०१७ च्या जुलैपासून इथे परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा फी सुरू झाली. आधी शंभर रियाल, पुढे दरवर्षी शंभरानं चढत २०२० मध्ये चारशे. मोत्या हा माझ्या आश्रितांपैकी एकमेव, ज्याच्यावर ही फी नाही. हे मी एकदा जेवताना कौतुकानं बोललो. बायकोनं ते तेव्हा ऐकून घेतलं आणि नंतर वापरण्यासाठी ठेवून दिलं.

इथे कुत्रा पाळणं कसं काय जमतं, असं गावाकडून विचारतात. पूर्वी कठीणच होतं. २००८ च्या जुलैत रियाधच्या धर्मपोलिसांनी कुत्री-मांजरं विकायला आणि रस्त्यावर फिरवायला बंदी घातली होती. कारण असं दिलं होतं की पुरुष जनावरं घेऊन हिंडतात आणि त्या निमित्तानं बायकांशी लगट करतात. पुढे २०१६ मध्ये धर्मपोलिसांचा अटकेचा अधिकार गेला, आणि २०२० मध्ये खोबरला कुत्र्यांना घेऊन कॉफी प्यायला जायचं असा कॅफेच निघाला. बंदीमागचं ते कारण वाचल्यापासून मी मोत्याला फिरवताना शर्ट इस्त्रीचा घालतो. आजवर ओळख काढली ती एकट्या टायरवाल्यानं. त्याला मोत्या विकत हवा होता.

उन्हाळ्यात फिरायची वेळ घड्याळ ठरवत नाही, डांबर ठरवतं. पालथा हात रस्त्यावर टेकवायचा आणि सात आकडे मोजायचे. मोजून झाले तर कुत्र्याचे तळवे टिकतील, नाहीतर परत चार मजले वर. एका रात्री मी असाच कडेला उकिडवा बसून, हात डांबरावर ठेवून मोठ्यानं मोजत होतो. एक ट्रेलर थांबला. आतून धिप्पाड पठाण उतरला.

'क्या गिरा, भाई साहब?'

'कुछ नहीं. रोड कितना गरम है, देखता हूँ.'

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मोत्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग काही न बोलता केबिनमधून थंड पाण्याची बाटली आणून दिली. मला. उन्हानं डोकं फिरलेली माणसं त्यानं या रस्त्यावर आधीही पाहिली असावीत.

असं सगळं जरा मार्गी लागतंय तोच आमच्या ओळखीतलं एक नागपूरचं कुटुंब फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचं परत, निघालं. आखातात हे दर उन्हाळ्यात होतं. नोकरी संपते किंवा मुलाची दहावी येते, आणि मग व्हॉट्सॲपवर घराची यादी पडते. फ्रिज डबल डोअर, वॉशिंग मशीन, सोफा थ्री प्लस टू, इंडियन मिक्सर, तुळशीची कुंडी. सगळ्यात शेवटी: 'पिल्लू, अडीच महिन्यांचं, फुकट, फक्त चांगल्या घरी.' सोफ्याला घर चांगलं हवं अशी अट नव्हती. मिक्सर पाच मिनिटांत गेला. बायको सोफा बघायला गेली आणि पिल्लाचे फोटो घेऊन आली.

'अहो, बघा तरी. आपला मोत्या दिवसभर बिचारा एकटा असतो.'

त्या वेळी तो बिचारा एसीच्या झोताखाली फरशीवर चारी पाय वर करून पडला होता.

मी म्हटलं, 'त्याला येऊन अजून महिना नाही झाला. त्याचं त्याला तरी बसू दे.'

'म्हणूनच म्हणते. सोबत असली की लवकर रुळेल. आणि दुसऱ्यावरही फी नाही.'

पुढचे काही दिवस आमच्या घरात एकच विषय होता, आणि तो भारतापर्यंत गेला. कुरुंदवाडला माझी आई सकाळचा चहा घेऊन फोनवर येते तेव्हा इथे सहा वाजलेले असतात, त्यामुळे तिच्याशी वाद घालताना मी अर्धवट झोपेत असतो. तिला ते ठाऊक आहे. 'अरे, दत्त महाराजांच्या पायाशी चार आहेत,' ती म्हणाली. 'तुला दोन जड झाली?' पलीकडेच नरसोबाची वाडी असल्यामुळे तिचा या विषयात अधिकार मोठा. चार कुत्री म्हणजे चार वेद, हे मलाही माहीत आहे. फोन ठेवल्यावर मी देव्हाऱ्यातली तसबीर जवळून पाहिली. चौघंही शांत आहेत, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे आहे, कुणी कुणाच्या ताटलीकडे बघत नाही. कारण तसबिरीत ताटली नाहीच.

मेहुणा पुण्याचा, त्यामुळे त्याला संदर्भ लागतो. 'दोनाला आधार आहे,' तो म्हणाला. 'ऋग्वेदात यमाची दोन कुत्री आहेत. सरमेची पोरं. प्रत्येकाला चार डोळे.' ज्याच्या दारात ती दोन बसतात त्याचा व्यवसाय बघता हा मुद्दा पिल्लाच्या बाजूनं की विरुद्ध, ते मला कळलं नाही. मी युधिष्ठिर पुढे केला. हिमालयात त्याच्यामागे शेवटपर्यंत चाललं ते एकच कुत्रं होतं आणि त्या एकानं काम भागलं. त्यावर मेहुणा म्हणाला, 'पण भाऊ चार गळाले ना वाटेत.' पुण्याशी वाद घालू नये.

मुलीनं शाळेच्या प्रोजेक्टमधून आकडा काढला. सौदीच्या उत्तरेला हाइल प्रांतात जुब्बा आणि शुवैमीस इथल्या खडकांवर कोरलेली चित्रं आहेत. २०१५ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशात घेतलं. त्यात शेकड्यांनी कुत्री आहेत, आणि ती आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीची असावीत असा संशोधकांचा अंदाज आहे. उभे कान, वर वळलेली शेपटी. खरं सांगायचं तर मोत्याच्या घरचा फॅमिली अल्बमच. एका चित्रात धनुष्य ताणून उभा असलेला शिकारी आहे आणि त्याच्या भोवती कुत्री आहेत तेरा. त्यातल्या दोघांच्या गळ्यातून निघालेली रेघ थेट त्या माणसाच्या कमरेला जाते, म्हणजे दोऱ्या बांधलेल्या असणार. 'बघा बाबा,' ती म्हणाली, 'तेरा! आणि त्याचे दोन्ही हात मोकळे आहेत.' तिच्या आईनं ताबडतोब कमरेला बांधायच्या पट्ट्याची किंमत ऑनलाइन बघितली. मी त्या चित्रातल्या शिकाऱ्याचा चेहरा बघायचा प्रयत्न केला. तेवढं बारीक कोरलेलं नाही.

आमचा हारिस येमेनचा, वयस्कर. पाच वेळा नमाज पढणारा. मोत्या जिन्यात दिसला की तो अंग चोरून भिंतीला लागतो, कारण कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर नमाजाआधी धुणं आलं. पण वाईट शब्द त्यानं कधी काढला नाही. पिल्लाची बातमी त्याच्यापर्यंत गेलीच होती. एका शुक्रवारी त्यानं मला जिन्यात थांबवलं आणि आपल्या तोडक्यामोडक्या हिंदीत, मध्ये मध्ये अरबी घालत, गुहेतल्या झोपलेल्या तरुणांची गोष्ट सांगितली. कुराणाच्या अठराव्या सूरेतली. ही सूरा शुक्रवारी वाचायचा प्रघात आहे. धर्मासाठी घर सोडून काही तरुण गुहेत लपले आणि शेकडो वर्षं झोपून राहिले. त्यांचा कुत्रा दाराशी पुढचे पाय पसरून बसला होता. 'लोक झगडा करता,' हारिस म्हणाला. 'कोई बोलता, तीन आदमी, चौथा कुत्ता. कोई बोलता, पाँच आदमी, छठा कुत्ता. कोई बोलता सात, आठवाँ कुत्ता. आदमी कितना, अल्लाह मालूम.' मग त्यानं एक बोट वर केलं. 'कुत्ता, सब बोलता, एक.'

माझ्या बाजूनं पडलेलं हे पहिलं मत, आणि तेही ज्याला कुत्रा जिन्यातही नको होता त्याचं.

बायकोनं मात्र शेवटचा पत्ता राखून ठेवला होता. उद्या आपणही फायनल एक्झिटवर निघालो तर कुत्र्याचं काय, हे बघायला तिनं भारत सरकारचे नियम वाचले होते. सलग दोन वर्षं परदेशात राहून कायमचं परत येणाऱ्याला सामानाबरोबर पाळीव प्राणी आणता येतात, आणि ते किती, तर दोन.

'बघा! सरकारच दोन म्हणतंय.'

'अगं, ती मर्यादा आहे. सक्ती नाही.'

'हम दो हमारे दोच्या वेळी तुम्ही हेच म्हणाला होतात,' ती म्हणाली, आणि त्यावर मी काय बोलणार. आम्हाला मुलगी एकच आहे.

शेवटी मोत्याच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर इजिप्तचे, बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं. त्यांनी तीन बोटं दाखवली. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याला पहिले तीन दिवस भीती उतरायला लागतात, तीन आठवडे घराची रीत कळायला, आणि तीन महिने हे आपलंच घर आहे हे पटायला. हा काही प्रयोगशाळेतला नियम नाही, ते म्हणाले, अंदाज आहे. एखाद्याला सहा महिनेही लागतात. तोवर त्याचा खरा स्वभावसुद्धा दिसत नाही. 'आत्ता तुमच्या घरी पाहुणा राहतोय,' ते म्हणाले. 'पाहुण्याच्या मांडीवर तुम्ही बाळ ठेवायला निघालात.'

आणि पिल्लू म्हणजे काय, तेही त्यांनी सांगून टाकलं. पिल्लाला जेवढे महिने, साधारण तेवढे तास किंवा फार तर एखादा जास्त, ते शू धरू शकतं. म्हणजे रात्रीतून दोन-तीनदा उठायचं. मी मनातल्या मनात गुणाकार केला: चार मजले, जाऊन-येऊन आठ, गुणिले तीन. दुधाचे दात सुयांसारखे, आणि ते सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत पडून पक्के येईतो चावायला जे सापडेल ते. दिवसाचे अठरा तास झोप, उरलेले सहा तास भूकंप. मोठा कुत्रा पिल्लाचं बरंच खपवून घेतो, पण चार-पाच महिन्यांपर्यंतच. पुढे तो शिस्त लावायला बघतो. तेव्हा तो गुरगुरला तर त्याला ओरडायचं नाही, कारण गुरगुरणं म्हणजे सूचना. सूचना द्यायची बंद केली की कुत्रा थेट कारवाई करतो. (आमच्या हेड ऑफिसला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.)

'मग भेटवूच नये का?' बायकोनं विचारलं.

'भेटवा की. पण घरात नको. दोघांचीही नसेल अशी जागा बघा. पिल्लाचे डोस पुरे व्हायचेत, म्हणजे रस्ताही नको. भिंतीच्या आत, जिथे दुसरी कुत्री येत नाहीत. दोघांच्या दोऱ्या हातात, दोघं एकाच दिशेनं, मधे अंतर ठेवून चालवा. खायचं काही समोर नको.'

अशी जागा सुलैमध्ये म्हणजे इस्तिराहा. उंच भिंतीच्या आत थोडी हिरवळ, एक पोहायचा हौद, बायकांचा एक हॉल, पुरुषांचा एक, आणि सगळं दिवसाच्या भाड्यानं. सौदी कुटुंबं तिथे विसाव्याला जातात. आमच्यासारखे लोक वाढदिवस, ओणम, दिवाळी, सगळं तिथेच उरकतात. त्या शुक्रवारी कुणाच्या तरी पन्नाशीनिमित्त मिसळ होती. नागपूरकर येणारच होते, पिल्लू घेऊन या म्हटलं.

डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र जमण्यातली नव्हती. ते म्हणाले होते, आजूबाजूला शांतता ठेवा. मिसळीच्या ताटल्या घेऊन चाळीसेक मराठी माणसं भिंतीच्या सावलीत ओळीनं उभी राहिली. मी मोत्याला घेऊन भिंतीकडून, बायको पिल्लाला घेऊन हौदाकडून, मधे पंधरा पावलं. आम्ही चालायला लागलो आणि समालोचन सुरू झालं. ज्यांनी आयुष्यात गोल्डफिश पाळला नव्हता ते सगळे तज्ज्ञ.

'अहो, सोडा ओ दोऱ्या! आपापसांत बघून घेतील.'

'मोठा डोळे बघा कसे करतोय. रमतोय तो.'

'रमतोय कसला, फाडणार आता.'

'माझ्या मावशीकडे दोन होती, रोज भांडायची. पण एक मेली तेव्हा दुसरीनं अन्न सोडलं.'

या शेवटच्या वाक्यानं बायकांच्या हॉलकडून हळहळ ऐकू आली आणि पिल्लाच्या बाजूची मतं एकदम वाढली.

पंधरा पावलांची दहा झाली, दहाची पाच. पिल्लू बोलायची गोष्ट नाही इतकं गोंडस. पांढऱ्यावर काळा ठिपका, पोट जमिनीला लागलेलं, पाय मोठ्या भावाचे घातल्यासारखे. ते पुढचे पाय टेकून, ढुंगण वर करून मोत्याला खेळायला बोलवत होतं. मोत्यानं जांभई दिली. मग ओठ चाटले. मग भिंतीवरची एक विशिष्ट वीट त्याला अतिशय महत्त्वाची वाटू लागली. 'बघा, जांभई दिली, निवांत आहे,' मंडळींनी निकाल दिला. कुत्र्याची अशी अवेळी जांभई झोपेची नसते, मनावरच्या ताणाची असते. मलाही हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पण तेव्हा ते मला उपजत माहीत असल्यासारखी मी मान हलवली.

पिल्लू त्याच्या कानाला लोंबकळलं. मोत्या उभाच. पिल्लानं त्याची शेपटी धरली. मोत्यानं माझ्याकडे पाहिलं; महिनाअखेरीला ऑडिटर आला की आमचा फोर्कलिफ्टवाला बघतो तसं. आणि मग तेच झालं जे होऊ नये म्हणून सांगितलं होतं. कुणीतरी प्रेमानं पावाचा तुकडा दोघांच्या मधे टाकला.

मला वाटलं, आता फाडाफाडी. झालं भलतंच. मोत्या एक क्षण दगडासारखा ताठ झाला. कान मागे गेले, डोळ्यांची कड पांढरी दिसली. मग त्यानं पाव तिथेच सोडला, मागे सरकला आणि माझ्या दोन पायांच्या मधून पलीकडे जाऊन भिंतीला टेकून बसला. पिल्लानं पाव खाल्ला. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. 'किती समजूतदार! लहान्याला दिला बघा!' बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला ते काही औदार्य वाटलं नाही. हे बसणं माझ्या ओळखीचं होतं.

मी या देशात आलो तेव्हा बॅचलर रूममध्ये होतो. एका खोलीत सहाजण, दुमजली खाटा. माझ्या वरच्या खाटेवर एक तमिळ इलेक्ट्रिशियन झोपायचा, तो झोपेत हिशेब बोलायचा. फ्रिजमधल्या दह्याच्या डब्यावर माझं नाव लिहिलेलं असायचं आणि दही तरीही अर्धं असायचं. बाथरूमला जायला रांग, गॅसला रांग, व्हिडिओ कॉलसाठी जरा आडोसा हवा तर त्यालाही रांग. माणसं फार चांगली होती. एक तर मला तापात पेज करून घालायचा. पण कुणी आपल्या ताटापाशी आलं की मी ताट घेऊन खाटेच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसायला शिकलो. पुढे फॅमिली व्हिसा लागला, हा फ्लॅट घेतला, आणि बायको-मुलगी यायच्या आधी काही दिवस मी इथे एकटा होतो. गाद्याही आल्या नव्हत्या. रात्री दोनला उठून मी दही खाल्लं. अख्खं. त्या वेळी कुणी येऊन 'तुला सोबत हवी' म्हणालं असतं तर मी दार लावून घेतलं असतं. (हे वाचून बायकोनं 'असं का?' एवढंच विचारलं आहे. त्याचं उत्तर वेगळं देणार आहे.)

मोत्या तर टोळीतच वाढलेला. गोदामामागे एका ताटलीवर दहा तोंडं. भुलू, काले, कैसर, शेरू, चार नावांची जेवणं तो धावत धावत जेवला. आता आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे स्वतःची एक ताटली आहे, स्टीलची, आणि ती तो जेवून झाल्यावरही बराच वेळ, रिकामी असली तरी, एका पायाखाली धरून बसतो. ज्याला आपण एकटेपणा म्हणतो आहोत तो त्याला मिळालेला सिंगल ऑक्युपन्सी आहे. हे मी त्या रात्री घरी मांडलं. मुलीला पटलं. बायको म्हणाली, 'म्हणजे तुम्ही पिल्लाला तुमच्या दह्यामुळे नाही म्हणताय.' तसंच म्हणायचं असेल तर तसं.

पिल्लाची चिंता करायचं कारण उरलं नाही. मिसळीच्या त्या दिवशी सांगलीकडचं एक नवं जोडपं आलं होतं, नुकतंच लग्न होऊन. ती दोघं कुठल्याच चर्चेत नव्हती. पाव खाऊन दमलेलं पिल्लू तिच्या ओढणीत शिरून झोपलं आणि ती तीन तास जागची हलली नाही. मिसळही नवऱ्यानं भरवली. नागपूरकर निघायच्या आदल्या रात्री ती दोघं येऊन पिल्लू, त्याचं टोचणीचं कार्ड आणि तुळशीची कुंडी घेऊन गेली. त्यांच्या घरी जाऊन 'हे एकटंच का? याला सोबत नको?' असं पहिलं कुणी विचारलं, ते मी नाव घेऊन सांगणार नाही असं वर म्हटलेलंच आहे.

आमच्याकडे विषय संपलेला नाही, तहकूब झाला आहे. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन माणसांकडूनही उन्हात काम करून घ्यायला बंदी असते, तेव्हा त्या तीन महिन्यांत नवा कुत्रा आणायचा नाही, असं ठरलं. तोवर डॉक्टरांचे तीन महिनेही पुरे होतात. मुलीनं रीतसर करार लिहून काढला आहे. कलम एक: १५ सप्टेंबरनंतर मोत्याचा कल बघून निर्णय. कलम दोन: आलंच तर पिल्लू नको, मोत्याच्या वयाचं, शांत, शक्यतो मादी. हे आईच्या आग्रहावरून. तिच्या मते दत्ताच्या चौघांत एक तरी मादी असणारच. कलम तीन: ताटल्या वेगळ्या, खोल्या वेगळ्या. खाली तिघांच्या सह्या आहेत, आणि माझ्या ऑफिसातला शाईचा पॅड आणून मोत्याच्या पंजाचा ठसाही घेतला आहे. तो ठसा नंतर सोफ्यावर, दारावर आणि हारिसच्या जिन्याच्या सात पायऱ्यांवरही उमटला.

सह्या झाल्यावर कागद फ्रिजवर लागला तेव्हा मी तो नीट वाचला. त्यात कलम चारही आहे: 'नवीन कुत्रा आल्यास रात्रीचं उठणं बाबांकडे.' हे कलम मसुद्यात नव्हतं. शाई वेगळी आहे आणि अक्षर मुलीचं नाही. चौकशी चालू आहे.